फटाके गल्लीतून मैदानात न्या



खासगी फटाक्यांवर बंदी हवी का, हा आजचा विषय. माझे उत्तर आधीच सांगतो: गल्लीत बंदी हवी, मैदानात नको.

सैन्यात फायरिंग रेंजवर एक गोळी झाडायची तरी आधी लाल झेंडा लागतो. परिसर मोकळा करतात, वैद्यकीय मदत हजर असते, शेवटी रिकामी काडतुसेही मोजून परत द्यावी लागतात. आणि आपल्या सोसायटीत? दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सुतळी बॉम्ब, बाजूला गाड्यांची रांग आणि वर पहिल्या मजल्यावर दमेकरी आजी. उडवणाऱ्याची मजा दोन सेकंदांची. आजीची अख्खी रात्र जाते. तिला कोणी विचारलेलेही नसते.

मग नियम नाहीत का? आहेत. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि फक्त हरित फटाक्यांना परवानगी दिली. दिल्लीत तर पुढे पूर्ण बंदीही आली. तरी दिवाळीच्या रात्री तिथे फटाके वाजतच राहिले. २०२५ मध्ये कोर्टाने दिल्ली परिसरात हरित फटाक्यांना ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी पुन्हा मुभा दिली.

अडचण कुठे आहे? अंधारात, शेकडो गल्ल्यांत, फुटलेला फटाका हरित होता की नव्हता हे हवालदाराने कसे ओळखायचे? ज्या हुकमाची तपासणी करता येत नाही, तो हुकूम देऊ नये. त्याने बाकीच्या हुकमांचाही धाक जातो. शिवाय नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या हरित फटाक्यांनी धूर साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. बाकीचा उरतोच.

जागा मात्र तपासता येते. वॉर्डात एक मैदान, एक परवाना, एक प्रशिक्षित पथक, एक तास. त्याबाहेर वाजला, की तो बेकायदा. वाद संपला.

कोणी म्हणेल, मैदानातही माणसे मरतात. खरे आहे. केरळमध्ये पुट्टिंगल मंदिरात एप्रिल २०१६ मध्ये शंभराहून अधिक जण गेले. पण तिथे परवानगी नाकारलेली असताना आतषबाजी झाली होती, आणि गर्दीजवळच साठा होता. म्हणजे अंतर आणि साठ्याचा नियम पाळलाच पाहिजे, तिथे सूट नाही.

शिवकाशीच्या कामगारांचे काय? मागणी घटेल, हे मी लपवत नाही. म्हणून हा बदल एका रात्रीत नको. दोन-तीन वर्षे आधी जाहीर करा, कारखान्यांना आतषबाजीच्या मालाकडे वळू द्या.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, जिथे जिथे आपली महाराष्ट्र मंडळे आहेत, तिथे दिवाळी पहाट होतेच. सकाळी एकत्र गाणे ऐकतो, मग रात्री एकत्र रोषणाई का पाहू नये? कायद्याची वाट न बघता या दिवाळीपासून हे करता येईल. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.

जय हिंद.