सामोरी तुरे : वीर की गुलामांचा व्यापारी?



पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी देशात, १८३० च्या सुमारास एका व्यापाऱ्याच्या घरी सामोरी तुरे याचा जन्म झाला. १८५३ मध्ये सीसे घराण्याच्या धाडीत त्याची आई सोखोना पकडली गेली. तिच्या सुटकेसाठी सामोरीने त्याच सीसे घराण्याच्या फौजेत चाकरी धरली आणि तिला सोडवून आणले. ही चाकरी सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस चालली, असे तिकडची लोककथा सांगते. याच चाकरीत तो युद्धविद्या शिकला.

कथा इथेच थांबली असती, तर मातृभक्तीचा उत्तम धडा झाला असता. ती थांबली नाही. बिसांडुगू येथे राजधानी करून सामोरीने मोठे राज्य उभारले. राज्याला फौज लागते, फौजेला घोडे आणि बंदुका. बंदुका फ्रीटाउनकडून येत, सोने आणि हस्तिदंत देऊन. फ्रीटाउन म्हणजे मुक्त केलेल्या गुलामांनी वसवलेले शहर! घोडे मात्र उत्तरेकडून आणावे लागत, आणि त्यांची किंमत माणसांत मोजली जाई. धाडी घालायच्या, माणसे पकडायची आणि घोड्यांच्या बदल्यात विकायची, असा तो व्यवहार होता.

१८८७ मध्ये त्याने सिकासोला वेढा घातला. फौजेला धान्य पुरवून आणि ओझी वाहून प्रजा इतकी गांजली की १८८८ मध्ये राज्यभर बंड उसळले. १८९२ मध्ये फ्रेंचांनी बिसांडुगू घेतले, तेव्हा तो मागची गावे आणि शेते जाळीत पूर्वेकडे सरकला. १८९७ मध्ये विद्वानांचे आणि व्यापाऱ्यांचे कोंग शहर त्याने उद्ध्वस्त केले. २९ सप्टेंबर १८९८ रोजी तो फ्रेंचांच्या हाती लागला आणि २ जून १९०० रोजी गाबोनमध्ये कैदेतच वारला.

आम्ही गुलामगिरी मोडायला आलो, असे फ्रेंच म्हणत. पण त्यांचेच अधिकारी युद्धात पकडलेल्या बायका आपल्या आफ्रिकी शिपायांना बक्षीस म्हणून वाटीत. सुटलेल्या गुलामांसाठी त्यांनी वसवलेल्या 'मुक्तिग्रामां'तून हमाल आणि मजूर वेठीला धरले जात. तेव्हा त्यांच्या तोंडून सामोरीचा न्याय ऐकून घेण्यात अर्थ नाही.

१९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाला. त्याचे पहिले अध्यक्ष सेकू तुरे स्वतःला सामोरीचे वंशज म्हणवीत. परकीयांशी वर्षानुवर्षे झुंजलेला पुरुष राष्ट्रवीर ठरला, यात नवल नाही. पण आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात त्याची आठवण निघते ती जळालेल्या गावांची.

मग आपण काय म्हणावे? त्याचे शौर्य नाकारू नये. ते खरे होते. पण त्या शौर्याचा हिशेब मांडताना घोड्यांच्या मोलाने गेलेली माणसेही त्यात धरावीत. त्यांच्यातही आया होत्या. एका सोखोनाला सोडवण्यासाठी मुलगा धावून आला. बाकीच्यांची मुले कोणाच्या दारी चाकरी धरणार होती? वीराचा पोवाडा ऐकताना हा प्रश्न मनात जागा राहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.