वाढणारं घर
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



उद्याच्या शहरी घरांसाठी तरुण वास्तुविशारद काय प्रयोग करताहेत ते सांगा, असा मंडळाचा आग्रह आहे. विषय ऐकला की काचेचे मनोरे आणि भिंतींवर चढवलेल्या बागा डोळ्यांपुढे येतात. मी मात्र सुरुवात आपल्या इंदूरच्याच अरण्य वसाहतीपासून करणार आहे. कारण ज्या कल्पनेवर आजचे तरुण काम करताहेत, ती इथे आधीच करून पाहिलेली आहे.

पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्यची आखणी केली. जमीन सुमारे ८५ हेक्टर, भूखंड साडेसहा हजार, सोय साठ हजार माणसांची. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. तो घेणाऱ्या गरीब कुटुंबाला तयार घर दिलं नाही. दिलं ते जोतं, संडास-न्हाणी आणि फार तर एक खोली. पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. कसं बांधता येईल हे दाखवायला ८० नमुना घरं उभारली. त्यांना ओटे, बाहेरचे जिने, गच्च्या. घरं एकमेकांना खेटून, म्हणून उन्हात तापणाऱ्या भिंती कमी. वाड्यात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही! १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

सगळंच साधलं असं नाही. काही कुटुंबांनी भूखंड विकले, काही नमुना घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. म्हणजे घर वाढू देणं पुरेसं नाही, माणूसही तिथे टिकला पाहिजे.

नेमका हाच धागा २००९च्या सुमारास पुण्यात येरवड्याच्या वस्तीत पुढे नेला गेला. फिलिप बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या तरुण जोडीनं 'स्पार्क' संस्था आणि 'महिला मिलन'च्या बायकांबरोबर बसून आराखडे केले. पुण्याचे प्रसन्न देसाई यांनीही या कामात भाग घेतला. वस्ती उठवायची नाही. पक्क्या घरांना हात न लावता फक्त कच्ची घरं त्याच जागी नव्यानं बांधायची. घर सुमारे २५ चौरस मीटरचं, खर्चाचा दहावा वाटा कुटुंबाचा. नमुने तीन. एक दुमजली, पण पाया तिसरा मजला पेलणारा. दुसऱ्यात तळमजला मोकळा, दुकानासाठी किंवा गाडीसाठी. तिसऱ्यात मधला मजला रिकामा, पुढे भिंती घालून घ्यायला.

पर्यावरणाच्या दृष्टीनंही हा हिशेब सरळ आहे. जे घर बदलत्या संसाराला पुरतं, ते पाडावं लागत नाही. आणि न पाडलेल्या घराच्या विटा-सिमेंट पुन्हा भाजावं लागत नाही.

मंडळी, आज आपलेही जुने वाडे, बंगले पुनर्बांधणीला निघालेत. नकाशा घेऊन येणारा बहुधा आपलाच भाचा किंवा पुतणी असेल. त्याला फरशीचा रंग विचारण्याआधी एवढं विचारा: सून आली, नातवंडं झाली तर खोली कुठे निघेल? आजीला जिना झेपेनासा झाला तर? मे महिन्यात वीज गेली तर वारा कुठून येईल? शेजाऱ्याशी बोलायला ओटा कुठे आहे?

आणि विसर्जन आटोपलं की एखाद्या रविवारी मुलांना घेऊन अरण्यमध्ये चक्कर मारा. ओट्यावर कोणी बसलेलं दिसलं, तर विचारा, "घर किती वेळा वाढवलंत?" माझ्या व्याख्यानापेक्षा ते उत्तर जास्त शिकवेल.