थंड पाण्याचें फूल

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. येथील माणसाला मासा ठाऊक आहे तो गढूळ, मातकट पाण्यांतला. मरळ काय किंवा मागूर काय, पाठ काळसर, चिखलाशीं मिसळून जाणारी. दोन-तीन पुरुष पाण्यांत शत्रूच्या नजरेस पडूं नये म्हणून निसर्गानें त्यांना असा मळका अंगरखा घातला, हें समजण्यासारखें आहे. परंतु जेथें तीस-चाळीस पुरुष पाणी डोक्यावर आहे व भर दुपारींही तिन्हीसांजेइतकाच उजेड पोंचतो, अशा समुद्रतळाशीं एखादा मासा गुलाबी, केशरी आणि जांभळा रंग लेऊन हिंडत असेल, तर तो नटला तरी कोणासाठीं?

असा मासा खरोखरच आहे. हिंदी महासागरांत मालदीव नांवाची बेटें आहेत. त्यांच्या कडेला प्रवाळांचे खडक आहेत. प्रवाळ हा साधा दगड नव्हे. असंख्य बारीक जीवांनीं आपापल्यापुरतें चुन्याचें घर बांधीत जावें आणि पिढ्यानुपिढ्यांच्या त्या घरांचा डोंगर व्हावा, असा तो प्रकार आहे. उथळ पाण्यांतील प्रवाळ लोकांनीं पुष्कळ पाहिले; पण सुमारें ३० ते १५० मीटर खोलीच्या पट्ट्यांतले खडक अलीकडेपर्यंत जवळजवळ अज्ञातच होते. साध्या हवेच्या नळकांड्यावर पाणबुडे ४० मीटरांपलीकडे सहसा जात नाहींत. त्यापुढें जावयाचें तर श्वासाच्या हवेंत हेलियम वायु मिसळावा लागतो, आणि सोडलेला श्वासच शुद्ध करून पुन्हा पुरविणारें यंत्र पाठीवर बांधावें लागतें. वर येतांना घाई केली तर रक्तांत वायूचे बुडबुडे होऊन प्राणांवर बेततें. म्हणून थोड्या वेळाच्या दर्शनासाठीं तासच्या तास टप्प्याटप्प्यानें वर चढावें लागतें.

मालदीवच्या ह्या पट्ट्यांत, ४० ते ७० मीटर खोलीवर, बोटाएवढा हा मासा राहतो. इंग्रजी बोलणारे ह्याच्या कुळाला परीमासे म्हणतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच तो शास्त्रज्ञांच्या हातीं लागला होता; पण शागोस बेटांजवळच्या तांबड्या खवल्यांच्या एका जातीचाच तो प्रौढ मासा असावा, असें समजून सर्वजण स्वस्थ बसले. ती जात १९८३ सालीं एका पिल्लावरून वर्णिलेली, आणि शागोस तर तेथून सुमारें हजार किलोमीटर दक्षिणेस! एका पोरावरून सगळ्या गोताची ओळख पटवावी, त्यांतलाच हा प्रकार. पुढें खवले मोजले, पाठीवरील पराच्या कांट्यांची उंची मोजली, आनुवंशिक परीक्षा केली, तेव्हां मासा निराळाच ठरला. आणि २०२२ सालीं त्याचें ‘सिऱ्हिलाब्रस फिनिफेन्मा’ असें बारसें झालें. नांव ठेवणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. तोंवर मालदीवच्या माशांना शास्त्रांत नांवें दिलीं तीं परक्यांनीं. तेथल्या संशोधकाचा हात वर्णनाला लागलेला हा पहिलाच मासा.

फिनिफेन्मा म्हणजे त्यांच्या दिवेही भाषेंत गुलाब. ही भाषा मराठीची दूरची बहीण आहे. मराठींतलें ‘पाणी’ तिकडे ‘फेन’ झालें. ‘फिनि’ म्हणजे थंड आणि ‘मा’ म्हणजे फूल. थंड पाण्याचें फूल! माशाला ह्याहून शोभेसें नांव शोधूनही सांपडलें नसतें.

आतां रंगाचें कोडें. पाण्यांत उतरणाऱ्या सूर्यप्रकाशांतला तांबडा भाग पहिल्या दहा-वीस मीटरांतच बहुतेक शोषला जातो. निळा तेवढा खोल जातो. म्हणून पन्नास मीटरांवर साधा तांबडा रंग काळपट दिसतो. रंग कसला, बुरखाच तो! परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. ह्याच कुळांतील दुसऱ्या एका जातीवर झालेले प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. त्या माशाचें अंग निळा प्रकाश पिऊन तांबडा प्रकाश बाहेर टाकतें, आणि त्याच्या डोळ्यांना तो दिसतोही. आरशांत आपलें प्रतिबिंब पाहून नर चवताळत. मधें तांबडा रंग अडविणारी कांच धरली, कीं त्यांचा आवेश ओसरे. हा नरही जन्माचा नर नव्हे. परीमासे प्रथम माद्या असतात. पुढें त्यांतल्याच एखाद्या मोठ्या मादीचा नर होतो आणि मग तिच्या अंगावर भडक रंग चढतो.

भंडाऱ्याच्या ढिवरांच्या तोंडीं तलावांतल्या बारीकसारीक माशालाही नांव असतें. आधीं नांव, मग बाजार. ह्या गुलाबी माशाचें उलट झालें. शास्त्रांत नांव मिळण्यापूर्वींच शोभेचे मासे पाळणाऱ्या हौशी लोकांसाठीं त्याची विक्री चालू होती. त्याची संख्या बरीच आहे, हें खरें. परंतु ज्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदच नव्हती, तो किती धरला आणि किती उरला, हें मोजावयाचें कसें?

मराठी मुलुखालाही असा एक बुडालेला प्रवाळ आहे, हें विदर्भांत फारसें कोणाच्या कानीं येत नाहीं. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर भर समुद्रांत सपाट माथ्याचा एक डोंगर पाण्याखालीं उभा आहे. माथ्यावर पाणी सुमारें २० मीटर. कडेला मात्र तो शेंकडों मीटर खोल उतरतो. कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रांत १९८७ सालीं अभयारण्य झालें. आंग्रियाची गोष्ट निराळी. राज्याचा मासेमारीचा कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर थांबतो, आणि हा डोंगर त्याच्या चौपटीहून दूर. माथ्यावरील प्रवाळ पाणबुड्यांनीं पाहिले आहेत; उतारावरील अंधाऱ्या पट्ट्याची मोजदाद जाळ्यांच्या आधीं व्हावयास हवी. तेथें अधिकार चालतो तो केंद्र सरकारचा, आणि सागरी क्षेत्रांसंबंधींच्या १९७६ च्या कायद्यानें असा भाग राखून ठेवण्याची मुभा त्या सरकारला आहे.