अमात्याचं टाकं



जुन्नर-आंबेगावची आपण माणसं. मानमोडीचा डोंगर आपल्या ओळखीचा. त्या डोंगरातल्या लेण्यांत एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. आज त्याचीच गोष्ट ऐकू या.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी इथे नहपान नावाच्या राजाचा अंमल होता. नाणेघाटातून व्यापाऱ्यांचा माल येई-जाई. एवढा कारभार लिहिण्यावाचण्याशिवाय कसा चालणार? म्हणून राजाच्या पदरी शिकलेली माणसं असत. मोठ्या अधिकाऱ्याला अमात्य म्हणत. शिवरायांच्या अष्टप्रधानांतही अमात्य होते. राज्याचा जमाखर्च ते पाहत.

नहपानाच्या या अमात्याचं नाव अयम. त्याचा लेख लहानसा आहे. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. लेखाचा अर्थ असा : राजा नहपान याचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पुण्यासाठी पाण्याचं टाकं आणि मंडप दिला. बस्स, एवढंच! वाडा केवढा होता, धन किती होतं, याचा एक शब्द नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. राज्य गेलं, अधिकार गेला. अयमाचं नाव मात्र टाक्यापायी राहिलं.

तिकडे चीन देशात अधिकारी नेमायला बादशहा परीक्षा घेत. ही रीत सुमारे १३०० वर्षं चालली आणि १९०५ साली बंद झाली. वशिला चालू नये म्हणून कागदावरचं नाव झाकत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरं दुसऱ्याकडून उतरवून घेत. पण बायकांना त्या परीक्षेला बसता येत नसे. आणि गरिबाच्या पोराला शिकायला सवड कुठली? आज आपली लेकसुद्धा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसू शकते. तिला शिकवा. आणि तिला अयमाचं टाकं दाखवा. शिकून खुर्ची मिळाली, तर त्या खुर्चीतून लोकांना काय मिळालं, हेच मागे उरतं.

आपल्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. गावात पाण्याचं काम निघालं की तिथला फलक वाचा. खर्च किती, काम किती, ते पाहा. समजलं नाही तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. पूर्वी अधिकारी लिही आणि लोक नुसते बघत. आता आपल्यालाही वाचता येतं, मंडळी!