उद्यम प्रमाणपत्र: शुल्क शून्य, मोल किती?

उन्हाळ्यात अमरावतीत गच्च्यांवर पापड-कुरडया वाळत असतात, तिकडे अकोल्यात डाळ मिलची घरघर चालू असते. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, या दोन्ही उद्योगांना मिळू शकतं. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार क्रमांकावर घरबसल्या होते. सरकारी शुल्क शून्य, नूतनीकरणही नाही. तरी सरकारी वाटावीत अशी काही संकेतस्थळं याच कागदाचे पैसे घेतात. सेतूवाल्यानं फॉर्म भरायची मजुरी मागितली तर समजू शकतं. ‘सरकारी फी’ म्हणून मागितली, तर सरळ उठून यावं.

आता मोलाचं पाहू. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. उधारीत अडकलेल्या मिलवाल्याला हे कलम लाखमोलाचं. मात्र तयार डाळ आणून विकणाऱ्या दुकानदाराला ते नाही. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणी खुली झाली ती बँकेच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरतीच. आणि कागद दाखवला की कर्ज मिळालंच, असंही नाही. बँक तुमचा व्यवहार पाहणारच.

पापड विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. अर्जात काही अडलं, तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.