सत्तावीस गुण

(वलगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता करिअर. तुम्ही करिअरवरची भाषणं दहावीपासून ऐकत आला आहात, म्हणून मी आज एका खेळाबद्दल बोलणार आहे. मागच्या खेपेला इथंच सतरंजीवर बसून आपण तो खेळलो. खेळलो म्हणजे काय, पात्र तयार करण्यातच दोन तास गेले आणि त्यावरून भांडण झालं. ते भांडण मला खेळापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली काढला. लागतं काय, तर कागद, पेन्सिल, फासे आणि बोलायची तयारी. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. प्रत्येक पात्राच्या कागदावर सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप.

बुद्धी आणि शहाणपण वेगळे कसे, हा प्रश्न सगळ्यात आधी आला. वलगावात त्याचं उत्तर सोपं आहे. २० डिसेंबर १९५६ ला इथंच जवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांना अक्षरओळख नव्हती. या खेळात बुद्धी म्हणजे बरंचसं पुस्तकी ज्ञान आणि स्मरण, तर शहाणपण म्हणजे समोरचं बरोबर दिसणं. बाबांच्या कागदावर बुद्धीसमोर काय लिहायचं यावर वाद घाला, पण कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणाऱ्या माणसाचं शहाणपण आणि छाप मी तरी अठराच्या खाली लिहिणार नाही.

आता हे आकडे येतात कुठून? १९७४ च्या नियमात तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, असं सहा वेळा, आणि क्रमानं. पहिली बेरीज ताकदीची, मग बुद्धीची, अशी. आवडो न आवडो. गंमत म्हणजे मूळ पुस्तकात हे फासे खेळाडूनं नव्हे, रेफरीनं टाकायचे होते. अठरा येण्याची शक्यता २१६ मध्ये एक, आणि चारपैकी एकदा बेरीज दहा किंवा अकरा येते. म्हणजे बहुतेक माणसं मधलीच. पुढे लोकांनी चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून द्यायची पद्धत काढली. त्यानं सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते. आपण सगळे हिरो व्हायलाच बसलेलो असतो, त्यामुळे ती फार चालते.

इथं पहिलं भांडण झालं. दोन मुलं म्हणाली, फासे नको. नर्दविरुद्धची हदीस त्यांनी ऐकली होती. मी त्यांना हसलो नाही, तुम्हीही हसू नका. माझं मत असं, की पैसा लावला नसेल तर तो जुगार नाही. पण हे माझं मत झालं, आणि कोणाच्या मनाविरुद्ध त्याच्या हातात फासा देणं मला जमणार नाही. मग मिठाईच्या रिकाम्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. हज कमिटीचा कुर्रा आपल्या घरोघरी माहीत आहे, आणि मरियमचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवायला कलमं टाकली गेली हे सूरा आले-इम्रानमध्ये आहे. चिठ्ठीला कोणाचीच हरकत नव्हती. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची, नाहीतर हिशेब बिघडतो.

सहा आकड्यांसाठी मात्र नशीब लागतच नाही अशी एक पद्धत आहे, ती आपण घेतली. प्रत्येकाला सत्तावीस गुण मिळतात. सगळे आकडे आठपासून सुरू होतात. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण लागतो. तेराचे चौदा करायला दोन, चौदाचे पंधरा करायला आणखी दोन. म्हणजे पंधरा नऊ गुणांना पडतो. पंधराच्या वर विकत मिळत नाही. तीन पंधरा घेतले की सत्तावीस संपले, उरलेले तीन आकडे आठवरच राहतात.

कागद वाटले. पोरांनी दोन मिनिटांत ताकद पंधरा केली आणि छाप आठ. एक मुलगी पेन्सिल हातात धरून बसली होती. ती म्हणाली, “सर, हे सत्तावीस मले एकटीलेच का? का भावासंगं वाटा लागते?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

माझी आपा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बारावीचं गणित तिनं मला शिकवलं. आमच्या घरात होस्टेलची एकच फी भरण्याची ऐपत होती. अब्बा वाईट माणूस नव्हते, त्यांनी रात्र रात्र हिशेब केला. घरात सत्तावीसच होते, कागद दोन होते. माझ्या कागदावर पंधरा लिहिले गेले, तिच्या कागदावर आठ. मी इंजिनिअर झालो, आणि पुढे वीस वर्षं सगळे नातेवाईक म्हणत राहिले की मुलगा मुळातच हुशार.

हे ‘मुळातच’ या खेळातही होतं. १९७८ च्या पुस्तकात माणूस जातीच्या स्त्री पात्राची ताकद पुरुषापेक्षा कमी आकड्यावर अडवलेली होती, फासे काहीही पडोत. १९८९ च्या आवृत्तीत तो नियम गेला. पण २००० सालच्या नियमातसुद्धा अर्ध-ऑर्क जन्मला की ताकदीत दोन जास्त, बुद्धीत दोन कमी, छापेत दोन कमी. ‘ते लोक असेच, अंगानं दणकट, डोक्यानं कमी’ हे वाक्य मी वर्गातही ऐकलंय आणि आपल्याच बिरादऱ्यांत एकमेकांबद्दलही ऐकलंय. २०२० मध्ये ही वाढ कुठंही लावायची मुभा आली. २०२४ च्या पुस्तकात ती जन्मावरून काढून पात्रानं आधी काय काम केलं, कुठं वाढलं त्यावर ठेवली. पन्नास वर्षं लागली, तेही कागदावरच्या खेळात.

आता माझ्या आवडीचा भाग, गणिताचा. दहा किंवा अकरा असेल तर अधिक-उणे काही नाही. पंधराला अधिक दोन, आठला उणे एक. समजा बारा गाठायचे आहेत. डब्यातून चिठ्ठी काढा, त्यात हे मिळवा. पंधरावाल्याला दहा किंवा वर लागतात: वीसपैकी अकरा चिठ्ठ्या, ५५ टक्के. आठवाल्याला तेरा किंवा वर: आठ चिठ्ठ्या, ४० टक्के. कागदावर जमीन-अस्मानाचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात वीसमध्ये तीन चिठ्ठ्यांचं आहे.

आणि ज्या कामाचं शिक्षण घेतलंय त्याला सुरुवातीलाच आणखी दोन मिळतात. आठवाला शिकलेला असेल तर तो ५० टक्क्यांवर येतो. सतराव्या पातळीवर हे दोनचे सहा होतात. तेव्हा तोच आठवाला ७० टक्क्यांवर असतो, आणि न शिकलेला पंधरावाला अजून ५५ वरच बसलेला असतो. हे आकडे माझे नाहीत, कोणीही घरी करून पाहावेत.

तर ती मुलगी. तिनं खोडरबर झिजवून शेवटी लिहिलं: तेरा, तेरा, तेरा, बारा, बारा, बारा. हिशेब केला, बरोबर सत्तावीस. मी तिला समजावलं, अगं, कशात तरी पुढे राहा, हा खेळ चौघांनी मिळून खेळायचा असतो, एकाची कमतरता दुसरा भरतो. सगळीकडे अधिक एक घेऊन काय करशील?

ती म्हणाली, “मंग मले कोनाची वाट पाहा लागत नाही ना.”

माझं म्हणणं अजून तेच आहे, खेळ म्हणून ते पात्र फिकं आहे. पण त्या रात्री तळघराचं दार तिनं उघडलं, विहिरीतून दोर तिनं ओढला, आणि पहारेकऱ्याशी बोलायला ताकद पंधरावाली चारही पोरं तिच्याकडेच बघत होती. छाप त्यांनी विकून टाकली होती ना.

आपाला मी हे फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कधी आहे पुढचा खेळ?”

पुढच्या रविवारी असरनंतर, इथंच. पेन्सिल आणा. खोडरबर नक्की आणा, मागच्या वेळी सगळ्यांत मिळून एकच होतं.