हाताची साधना, बांबूची निगा

(चित्रकला शिक्षक व पालकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



‘आमच्या मुलाच्या हातात कलाच नाही,’ असे पालक सहज बोलून जातात. मूल ते ऐकते आणि कागद कायमचा बाजूला ठेवते. कला ही मोजक्यांनाच लाभलेली देणगी आहे, या समजुतीने असे कितीतरी हात अकाली थांबले आहेत.

वारली समाजाची परंपरा या समजुतीला उत्तर देते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर विवाहप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक ‘लिहितात’. जाणत्या स्त्रियांच्या शेजारी बसून मुली तो आत्मसात करतात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन ही त्यांची मुळाक्षरे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे बालपणी आईच्या निधनानंतर बोलेनासे झाले आणि मातीत रेघा ओढून मनातले सांगू लागले. त्याच हाताला १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली ‘पद्मश्री’ लाभली. २०१८ साली ते गेले. त्यांच्या रेषेमागे कित्येक दशकांचा नित्य सराव उभा होता.

या चित्रांचे साधन कोणते? बांबूची एक काडी! टोक चावून किंवा ठेचून तंतू मोकळे केले की कुंचला तयार. तांदळाचे पीठ, पाणी आणि थोडा डिंक, हा रंग. आपल्या मुलांना असा कुंचला स्वतः करू द्या. रोज पंधरा मिनिटे आडव्या-उभ्या रेषा, मग वर्तुळे, मग त्रिकोण जोडून माणूस. चुकलेली रेघ पुसू नये. शेजारी दुसरी काढावी. महिन्याभराने पहिला आणि शेवटचा कागद एकत्र ठेवावा. मुलाला आपली प्रगती स्वतःलाच दिसेल.

मात्र ज्या बांबूने हात घडतो, त्याचीही निगा शिकवली पाहिजे. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. तेव्हा तोड करू नये. कोवळा बांबू राखून तीन-चार वर्षांचा पक्व बांबू, जमिनीलगतच्या पेराच्या किंचित वर तोडावा. आतील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो; म्हणून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून, नंतर सावलीत उभा करून वाळवावा. ओल्या जमिनीला तो टेकू देऊ नये. एवढी काळजी घेतली तर टोपली, सूप, शिडी वर्षानुवर्षे टिकते आणि कारागिराच्या श्रमाचे मोल राहते.

२०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला. बांधावर तो लावणे, तोडणे आणि वाहून नेणे त्यामुळे सुकर झाले आहे. शाळेच्या कुंपणालगत एक बेट सहज उभे राहू शकते.

बांबू पक्व व्हायला तीन-चार वर्षे लागतात. हाताला त्याहून अधिक लागतील. तेवढा धीर आपण मोठ्यांनी धरला, तर ‘हातात कला नाही’ हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार होईल. त्याची सुरुवात आजच करूया.